मदत हवी आहे: लॅब्राडॉरच्या मेटिंगआधीच्या तपासण्या (नेरुळ / ठाणे)

नेरुळची_सई:

नमस्कार मंडळी,

आमची लॅब ‘साखर’ या दिवाळीत तीन वर्षांची होईल. तिची एकदा तरी पिल्लं व्हावीत अशी घरात सगळ्यांची इच्छा आहे, माझीही आहे. ओळखीच्या एकांनी घोडबंदर रोडवरचा एक नर सुचवला. देखणा आहे, स्वभावाने शांत आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद आहेत. साखरची पुढची हीट (माजाचा काळ) साधारण दीड महिन्यावर आलीय.

माझी अडचण समजायला आधी बंडूबद्दल सांगते. साखरच्या आधी आमच्याकडे हा बंडू होता, तोही लॅबच. पाच वर्षांचा झाला तेव्हा दिवेलागणीला जिन्यापाशी अडायला लागला. सकाळी धाडधाड उतरणारा कुत्रा संध्याकाळी पहिल्या पायरीवर पंजा पुढे करून चाचपायचा. आम्हाला वाटलं घाबरतोय. वर्षभराने त्याला पाण्याचं भांडंही दिसेना, हनुवटी ओली झाली की मग तो पाणी प्यायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पीआरए सांगितलं, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणारा आनुवंशिक आजार. त्यावर औषध नाही. ज्यांच्याकडून आणला होता त्यांना फोन केला, तर म्हणाले आई-बाप दोघंही ठणठणीत आहेत. आणि ते खोटं बोलत नव्हते, हे मला आत्ता आत्ता कळलं.

म्हणून साखरची डीएनए तपासणी करून घेतली. (कोणी पावसाळ्यात करणार असेल तर: गालाच्या आतून फिरवलेली काडी ओली असताना पाकिटात घालू नका. आमचा पहिला नमुना बुरशी येऊन बाद झाला. दुसऱ्या वेळी काड्या स्वच्छ पेल्यात उभ्या करून पंख्याखाली वाळवल्या.) रिपोर्ट असा आला: ईआयसी (व्यायामाने कोसळण्याचा आनुवंशिक आजार) क्लिअर, म्हणजे दोष नाही; पीआरएच्या पीआरसीडी प्रकारासाठी कॅरियर, म्हणजे सदोष जनुकाची वाहक.

तो रिपोर्ट नराच्या मालकांना पाठवला आणि म्हटलं, तुमच्याकडचीही तपासणी करूया, खर्च मी देते. त्यावर म्हणाले, “ताई, दोष तुमच्या कुत्रीत निघालाय, आमच्याला कशाला मध्ये घेता? लसी वेळच्या वेळी आहेत, कागद आहेत. दोनदा पिल्लं झालीत, एकाचीही तक्रार नाही.” त्यांचं थोरलं पिल्लू जेमतेम दोन वर्षांचं आहे. बंडूही दोन वर्षांचा असताना अंधारात चेंडू शोधून आणायचा.

आता घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, साखरला दोष आहे तर पिल्लांचा नादच सोड. नवरा म्हणतो, नर चांगला आहे, होऊ दे. मला विचारायचंय की कॅरियर म्हणजे तिला बाद धरायचं का? आणि हिपच्या (खुब्याच्या सांध्याच्या) एक्स-रेचं काय? इथल्या एका दवाखान्यात भूल न देता, कुशीवर झोपवून काढला आणि लगेच “छान आहेत हिप्स” म्हणाले. यावर विसंबू का?

कोलशेत_खाडी:

सईताई, साखरला मुळीच बाद धरू नका. पीआरसीडीमध्ये कुत्रा आंधळा व्हायला सदोष जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. साखरकडे एकच आहे, तिचे डोळे यामुळे जाणार नाहीत. नर क्लिअर असेल तर सरासरी निम्मी पिल्लं तिच्यासारखी कॅरियर होतील आणि या आजाराने एकही आंधळं होणार नाही. पण नरही कॅरियर निघाला तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. बंडूचे आई-बाप बहुधा असेच दोन ‘ठणठणीत’ कॅरियर असणार.

म्हणजे ज्या तपासणीला ते नाही म्हणतायत, नेमकी तीच तुमच्यासाठी अटीची आहे. केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, डोळ्यांचं काही सांगत नाही. माझ्या मते ते तयार नसतील तर तो नर सोडा, कितीही देखणा असला तरी.

जुनी_कंपाउंडर:

बावीस वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात काम केलंय, म्हणून एक्स-रेबद्दल सांगते. कुशीवर काढलेल्या फिल्मवरून हिपचा दर्जा ठरत नाही. कुत्र्याला गुंगी देऊन पाठीवर झोपवायचं, मागचे दोन्ही पाय सरळ ताणून समांतर धरायचे, गुडघे आत वळवायचे. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या बरोबर मध्यावर दिसली पाहिजे आणि कंबरेचं हाड दोन्ही बाजूंना सारखं. जरा तिरकं झालं की वाईट सांधाही चांगला दिसतो. कोपरांचे त्याच वेळी काढून घ्या, पुन्हा गुंगी नको.

हीटच्या आसपास सांधे सैल दिसू शकतात, त्यामुळे आधी-नंतर महिनाभर सोडून काढा. म्हणजे तुमच्या हाताशी जेमतेम दोन आठवडे आहेत. अमेरिकेतली ओएफए ही संस्था २४ महिने पूर्ण झाल्यावरच पक्का दर्जा देते, साखर त्यात बसते. हिपसाठी डीएनएवर भागत नाही, खुब्याच्या सांध्याचा आजार (हिप डिस्प्लेसिया) अनेक जनुकांचा आहे आणि वजन, खाणं, व्यायाम यांचाही भाग असतो. जवळ सोय झाली नाही तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

आणि ब्रुसेला या संसर्गजन्य जंतूची रक्ततपासणी दोघांचीही, अगदी मेटिंगच्या तोंडावर. नर दोनदा वापरला गेलाय ना, मग तर हवीच. त्याने दिवस भरत आले असताना गर्भ पडतात आणि माणसालाही लागण होते. तुमच्या घरी वयस्कर माणूस आहे.

ऐरोली_वॉक:

पिल्लं विकणार असाल तर कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीचे २०१७ चे नियम बघून ठेवा. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी १८ महिन्यांच्या वर हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

नेरुळची_सई:

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचवीस टक्क्यांचं गणित काल रात्री सासूबाईंना कागदावर काढून दाखवलं. बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, “म्हणजे बंडूच्या वेळी कोणी बघितलंच नाही.” आता त्या माझ्या बाजूने आहेत.

घोडबंदरला आज नको कळवलं. गुंगी देऊन एक्स-रे पुढच्या शनिवारी ठरलाय. या हीटला मेटिंग करणार नाही.

ठाणे, नवी मुंबई किंवा पनवेलपर्यंत कुणाच्या माहितीत दोन वर्षांच्या वरचा, पीआरसीडी क्लिअर, हिपचा एक्स-रे झालेला लॅब नर असेल तर कृपया विपू करा (मला निरोप पाठवा). रिपोर्टवर मायक्रोचिपचा नंबर हवा, मी भेटायला येताना तो जुळवून बघेन. रंग कुठलाही चालेल.