हर्पीस पूर्ण बरा होतो का? लवकर सांगा

पारिजात_७
नमस्कार. हर्पीस कायमचा बरा होतो का? नेटवर एक जण होतो म्हणतो, दुसरा जन्मभर राहतो म्हणतो, तिसरा औषध विकतोय. माझ्या गोळ्या सुरू झाल्यात, पण ऑक्टोबरच्या आत अंगातून पूर्ण जायला हवाय. ज्यांचा गेला त्यांनी काय केलं तेवढं लिहा. "डॉक्टरांना विचारा" हे कृपया नको, त्यांना विचारूनच इथे आले आहे. गोड खाल्ल्याने वाढतो का तेही सांगा.

बापू_सातारकर
ताई, नागीणच ना? अजिबात घाबरायचं नाही. आमच्या आईला कमरेवर उठली होती. दूर्वा आणि तांदूळ एकत्र वाटून लेप द्यायचा, वाळला की परत द्यायचा. वरून गेरू. गावात एक जण उतरवूनही द्यायचे, पैसे घेत नसत. फक्त तोंड आणि शेपूट जुळू द्यायचं नाही, तेवढं सांभाळा. गोड चालतं, वांगं बंद.

सूक्ष्मदर्शक
बापू, तोंड आणि शेपूट जुळत नसतं हो. नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते आणि बहुतेकांत अंगाच्या मध्यरेषेशी येऊन थांबते. दोन ते चार आठवड्यांत खपल्या धरून आपली आपण वाळते, म्हणून दूर्वा लावा नाहीतर गेरू लावा, यश ठरलेलं.

पारिजात, नागीण आहे की दुसरं काही? हर्पीस म्हटलं की ओठावरचा, जननेंद्रियांवरचा आणि नागीण असे निदान तीन वेगळे प्रश्न होतात. कुठे उठलंय, कधी उठलं, कोणती गोळी चालू आहे?

पारिजात_७
कुठेच उठलेलं नाही. रिपोर्टमध्ये आलंय. गोळी असायक्लोव्हिर. नागीण नाहीये!! मूळ प्रश्नाचं उत्तर द्या ना कोणीतरी.

खवचट_काका
पुरळ नाही, दुखत नाही, खाजत नाही, आणि गोळ्या चालू. आता बरं कशातून व्हायचं ते तुम्हीच सांगा. कोणता रिपोर्ट? पंचाहत्तर तपासण्यांचं 'फुल बॉडी' पॅकेज केलंत काय दिवाळी ऑफरमध्ये?

वरणभात
थोडं अवांतर, पण बापूंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. माझ्या बाबांना (वय ७१) कपाळावर नागीण उठली. घरातल्या मोठ्यांनी लेपावरच दिवस काढले. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं. नाकाच्या शेंड्यावर आली की डोळ्यात उतरण्याचा धोका मोठा, हे त्या दिवशी कळलं. डोळा वाचला, पण कपाळाची आग अजून जात नाही. उशी टेकली तरी कळ येते. प्रीगॅबालिन (मज्जातंतूच्या दुखण्यावरची गोळी) चालू आहे, त्याने दिवसभर पेंगतात. विषाणूविरोधी गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. लेपाने नुकसान होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा बाबांशी बोलावं.

बापू_सातारकर
वरणभात, डोळ्याजवळची गोष्ट वेगळी, ती आम्हीही दवाखान्यातच नेली असती. कमरेच्या नागिणीला आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात आणि कोणी दगावलं नाही.

होमिओप्रेमी
ऱ्हस टॉक्स २००. मुळापासून जातो. ॲलोपॅथी फक्त दाबते. पारिजात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

सूक्ष्मदर्शक
"मुळापासून" या शब्दावर हरकत आहे. हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. ओठावरचा असेल तर कानाच्या आतल्या बाजूला, कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीत, जननेंद्रियांवरचा असेल तर माकडहाडाजवळच्या गाठींत. तिथे तो नुसता पडून असतो, स्वतःच्या प्रती काढत नाही. असायक्लोव्हिर काम करतं ते विषाणू प्रती काढायला लागल्यावरच: विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्या औषधाला चालू करतं आणि मग औषध त्याची डीएनए जोडणी बंद पाडतं. झोपलेल्या विषाणूला ते हातही लावत नाही. म्हणून आजमितीला कोणत्याही पॅथीत हर्पीस अंगातून काढून टाकणारं औषध नाही. व्यनितून मिळणारंही नाही.

पारिजात, मूळ प्रश्नाचं उत्तर हे झालं. पण तुमच्या बाबतीत हा प्रश्नच लागू आहे का, अशी मला शंका आहे. रिपोर्टचं नाव काय? आयजीजी की आयजीएम, म्हणजे साधारणपणे जुन्या लागणीची प्रतिपिंडं की नव्या? आकडा?

सिअ‍ॅटलकर
पूर्ण बरा करण्याच्या दिशेने आमच्या गावात काम चालू आहे. फ्रेड हच संस्थेत कीथ जेरोम यांचा गट जनुकं कापणारी विकरं वापरून मज्जातंतूंमधला सुप्त विषाणूच तोडतोय. २०२० साली त्यांनी उंदरांमध्ये एचएसव्ही १ चा (हर्पीसचा पहिला प्रकार, बहुतेकदा ओठावरचा) ९० टक्क्यांहून जास्त सुप्त साठा घटवल्याचं प्रसिद्ध केलं. माणसांत यायला वेळ आहे, पण "कधीच नाही" असं कोणी लिहू नये.

खवचट_काका
उंदरांचं उत्तम चाललंय जगात. कॅन्सर बरा, टक्कल बरं, आता हर्पीसही.

पारिजात_७
टॉर्च टेस्ट, म्हणजे काही संसर्गांच्या रक्तचाचण्या एकत्र. हर्पीस एचएसव्ही १+२ आयजीजी पॉझिटिव्ह. नॉर्मल ०.९ च्या आत हवं आणि माझं १८ आलंय!! म्हणजे वीसपट. आयजीएम निगेटिव्ह. बाकी रुबेला आयजीजी पण पॉझिटिव्ह आहे, पण त्याबद्दल डॉक्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी असायक्लोव्हिर लिहून दिली, रोज घ्यायची, काही महिन्यांनी परत टेस्ट, आकडा खाली आला की मग बघू म्हणाल्या. आकडा ऑक्टोबरपर्यंत खाली येईल का एवढंच विचारतेय.

सूक्ष्मदर्शक
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, निम्मा धागा वाचला असता. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, रोज असे रिपोर्ट हातातून जातात.

आयजीजी म्हणजे विषाणू नाही, विषाणूविरुद्ध तुमच्या शरीराने केलेली प्रतिपिंडं. ती एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं राहतात. १८ हा आकडा विषाणू किती आहे ते सांगत नाही, आजार किती मोठा आहे तेही सांगत नाही. ते यंत्रावरच्या प्रकाशाचं गुणोत्तर आहे, दुसऱ्या कंपनीच्या किटवर तुमचाच नमुना ७ येईल नाहीतर ३० येईल. गोळ्या खाऊन तो उतरवण्यात अर्थ नाही, त्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आहे तो तर आनंदाचा रिपोर्ट, तुम्हाला संरक्षण आहे.

आणि १+२ एकत्र केलेली तपासणी आहे, म्हणजे कोणता प्रकार हेही त्यातून कळत नाही. जगात ५० वर्षांखालच्या दर तीन माणसांत साधारण दोघांना एचएसव्ही १ असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो लहानपणीच घरातल्या कोणाच्या तरी मुक्यातून मिळालेला असतो आणि कित्येकांच्या ओठावर आयुष्यात एकदाही फोड येत नाही. इथे प्रतिसाद देणाऱ्या सगळ्यांची हीच टेस्ट केली तर निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह निघाले तर मला नवल वाटणार नाही. काकांसकट.

खवचट_काका
आमच्यात विषाणू टिकत नाही.

पारिजात_७
मग नवऱ्याच्या आत्याचा मुलगा लॅबमध्ये आहे तो "हा गुप्तरोग आहे" असं का म्हणाला? रिपोर्ट त्यानेच आधी बघितला आणि सगळ्या घराला कळलं. सासूबाई बोलत नाहीत धड. नवरा म्हणतो माझ्यामुळे नाही. मी म्हणते माझ्यामुळेही नाही. दोनदा गर्भ राहून गेला आहे, तिसऱ्यांदा ऑक्टोबरनंतर प्रयत्न करायचाय. म्हणून घाई आहे. आता कळलं?

नाव_नको
या आयडीने पहिल्यांदाच लिहितेय, कारण उघड आहे. मला एचएसव्ही २ (बहुतेकदा जननेंद्रियांवरचा प्रकार) आहे, फोडाच्या द्रावाचा पीसीआर करून नक्की झालेला. पहिल्या खेपेला ताप, जांघेत गाठी, लघवी करताना डोळ्यांतून पाणी. पुढे वर्षात अधूनमधून, हल्ली क्वचित. यायच्या आदल्या दिवशी मांडीत मुंग्या येतात, तेव्हाच गोळी सुरू केली की लवकर आटोपतं. काही वर्षं रोज व्हॅलासायक्लोव्हिर (असायक्लोव्हिरचाच भाऊ) ५०० घेत होते, त्याने जोडीदाराला लागण होण्याचा धोका जवळपास निम्मा होतो. कंडोमनेही कमी होतो, शून्य कशानेच होत नाही, कारण पुरळ नसतानाही विषाणू त्वचेवर येऊन जातो. तेव्हा बरा होत नाही हे खरं, सांभाळता येतो हेही खरं. मला नोकरी आहे, नवरा आहे, एक मुलगी आहे.

मुलगी झाली तेव्हाचं सांगते, पारिजातच्या कामाचं आहे. छत्तीसाव्या आठवड्यापासून रोज असायक्लोव्हिर होती. कळा सुरू झाल्यावर नीट तपासलं, फोड नव्हते, नॉर्मल डिलिव्हरी. फोड असते तर सिझेरियन केलं असतं. बाळाला खरा धोका असतो तो आईला शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर. जुनी असेल तर आईची प्रतिपिंडं बाळाकडे गेलेली असतात.

म्हणून माझं मत: प्रकार वेगळा सांगणारी तपासणी दोघांनीही करून घ्या. त्याला २ असेल आणि तुम्हाला नसेल तर गरोदरपणात जपायला हवं.

सूक्ष्मदर्शक
बाकी सगळं बरोबर, शेवटच्या सल्ल्याशी असहमत. लक्षणं नसलेल्यांची रक्तावरून चाळणी करू नका असंच अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. टाइप २ चा आयजीजी १.१ ते ३.५ मध्ये आला तर तो बऱ्याचदा खोटा पॉझिटिव्ह असतो. या घरात आधीच एका आकड्यावरून अबोला धरलाय, तिथे दुसरा अर्धवट आकडा कशाला न्यायचा? नवऱ्याला कधी फोड आले असतील तर गोष्ट वेगळी. पुढे कोणाला आलेच तर पहिल्या एकदोन दिवसांत फोडाचा स्वॅब द्या.

नाव_नको
चाळणी सगळ्या गावाची नको, मान्य. पण बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्याला माहिती नाकारायची आणि वर त्यांच्याच भल्यासाठी म्हणायचं, हे मला पटत नाही. मला वेळेत कळलं म्हणून मी सावध राहिले.

सूक्ष्मदर्शक
तुम्हाला फोडामुळे कळलं, रक्तामुळे नाही. माझा मुद्दा तोच आहे.

होमिओप्रेमी
लायसीन असलेला आहार घ्या, शेंगदाणे आणि चॉकलेट बंद करा. हे तरी ॲलोपॅथीवाले मान्य करतील.

सूक्ष्मदर्शक
लायसीनचा पुरावा फार कच्चा आहे. शेंगदाणे खा. गोडही खा, तुमचा तो प्रश्न राहिलाच होता.

वरणभात
पारिजात, दोनदा झालं हे वाचून वाईट वाटलं. बायकोच्या वेळी आम्हीही टॉर्चच्या चक्रात फिरलोय. दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि थायरॉइड, साखर, अँटिफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी), गर्भाशयाची सोनोग्राफी आणि दोघांचं कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) सांगितलं. पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे गर्भपात गर्भाच्याच गुणसूत्रांतल्या गडबडीने होतात, असं त्यांनी समजावलं. जुन्या हर्पीसने वारंवार गर्भपात होत नाही.

खवचट_काका
बघा, टॉर्च हा धंदा आहे. सहा-सात टेस्ट एकत्र, एक तरी पॉझिटिव्ह येणारच, मग वर्षभर गोळ्या.

सूक्ष्मदर्शक
धंदा असेलही, पण पुष्कळदा नुसती सवय असते. दोन गर्भपातांनंतर पेशंटच हट्ट धरतो की काहीतरी तपासा. पारिजात, सासरच्यांसाठी एकच वाक्य पुरेल: या रिपोर्टवरून लागण कुठे, कधी आणि कोणाकडून झाली हे जगातली कोणतीही लॅब सांगू शकत नाही. आणि त्या आतेदिराने पेशंटचा रिपोर्ट घरभर केला, ते आधी चुकलं.

पारिजात_७
म्हणजे मला आजार नाही, पण विषाणू असू शकतो, पण तो बरा होणार नाही, पण व्हायची गरज नाही. असंच ना? गोळ्या आज बंद करू का?

सूक्ष्मदर्शक
असंच. गोळ्यांचं मात्र आधी फोन करून त्याच डॉक्टरांना सरळ विचारा: "फोड कधीच आलेले नाहीत, आयजीएम निगेटिव्ह आहे, मग असायक्लोव्हिर नेमकी कशासाठी?" समाधानकारक उत्तर नाही आलं तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. ऑक्टोबरपर्यंत थांबायचं की नाही तेही तिथेच ठरवा, या आकड्यासाठी थांबायचं कारण मला दिसत नाही.

नाव_नको
आणि इतर वाचकांपैकी कोणाला खरंच फोड असतील आणि लाजेने कुठे जात नसाल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या दवाखान्यात) जा. तपासणी आणि औषध फुकट मिळतं, लाल रंगाच्या किटमध्ये असायक्लोव्हिरच असते. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येतं.

पारिजात_७
फोन केला होता. डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी येतील. रिपोर्ट नवऱ्यालाही हा धागा उघडून समजावला. तो म्हणाला बापूंचा प्रतिसाद सोडून बाकी पटलं.

बापू_सातारकर
जावईबापूंना नमस्कार सांगा. वरणभात, नागिणीची लस आलीय म्हणतात ती खरी का? आई आता ऐंशीची आहे, परत उठू नये म्हणून विचारतोय.

वरणभात
खरी आहे. शिंग्रिक्स, भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीच्या पुढच्यांना दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. ज्यांना होऊन गेलीय त्यांनाही देतात. महाग आहे, आणि दंड एक-दोन दिवस चांगलाच ठणकतो, कणकणही येते, तेव्हा आईंना आधी सांगून ठेवा. हिचा पारिजातच्या हर्पीसशी संबंध नाही, विषाणू एकाच घराण्यातले पण वेगळे. ओठावरच्या किंवा खालच्या हर्पीसवर अजून लस नाही.

बापू_सातारकर
साताऱ्यात मिळेल का पुण्याला जावं लागेल?