घोड्यांसोबत कॅम्पिंग: आधी तळं, मग समुद्र. रात्री बांधायचं कसं?

घोडं_अडलंय:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि दोन घोडे, एक वयस्क शांत घोडी आणि एक तरुण, जरा बुजरा घोडा, असा बेत आहे की आधी एका मोठ्या तळ्याकाठी मुक्काम करायचा आणि मग समुद्राकडे उतरून किनाऱ्यालगत तंबू टाकायचा. दिवसाच्या रपेटीची काळजी नाहीये, ती सवय आहे दोघांना, गाडी अडतेय ती रात्रीवर. तबेल्याबाहेर ते कधी राहिलेच नाहीयेत. तळ्याकाठी झाडं आहेत पण किनाऱ्यावर नुसती वाळू, तिथे खुंट ठोकला तर टिकेल का? पोर्टेबल इलेक्ट्रिक कुंपण घ्यायचं डोक्यात आहे. आणि तळं समोर असताना पाण्याचे कॅन वाहून न्यायची खरंच गरज आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज, "घोड्याला जीव लावा, सगळं जमतं" टाइप सल्ले भरपूर मिळालेत :)

टापटीप:
झाडं आहेत तिथे सरळ उंच दावण बांधा, दुसरा विचारच करू नका. दोन दणकट झाडांच्या मध्ये दोरी, घोड्याच्या डोक्याच्या वर, साधारण सात फुटांवर, आणि चांगली ताणलेली. झाडाला नुसती दोरी गुंडाळू नका, साल सोलून निघते, रुंद पट्टा लावून त्याला दोरी अडकवा. घोडे झाडापासून लांब, दावणीच्या मधल्या भागात, नाहीतर बुजरा घोडा रात्रभर टापा मारून मुळं उघडी पाडेल. दोघांमध्ये एवढं अंतर ठेवा की लाथ पोचणार नाही, पण एकमेकांना दिसले पाहिजेत.
दाव्याची लांबी इथे सगळ्यात महत्त्वाची. मान खाली घालून चारा खाता आला पाहिजे, पण दाव्याला झोळ पडून त्यात पाय जाता कामा नये. लोक दया येऊन "जरा मोकळं राहू दे बिचाऱ्याला" म्हणून दावं सैल सोडतात आणि तिथेच पाय अडकतो. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी, आणि चाकू खिशात, बॅगेत नाही.
आणि हे सगळं पहिल्यांदा तळ्याकाठी करू नका हो. घरच्या मैदानात दोनचार रात्री बांधून बघा, बुजऱ्याला कळू दे की ओढून काही होत नाही.
मुक्काम पाण्यापासून निदान 60 मीटर आत घ्या. लीद आणि मूत पाण्यात जात नाही, काठाची ओली जमीन टापांनी उखडत नाही, आणि डासही जरा कमी.

खोगीरभरती:
कुंपणाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. कोरड्या वाळूत अर्थिंग मिळत नाही. मशीन टिक टिक करत असतं, लाइट लागलेला असतो, आपण खूश, आणि घोड्याला झटका बसतच नाही कारण करंटला जमिनीतून परत यायला वाटच नसते. एकतर अर्थिंगचा रॉड ओल लागेपर्यंत खोल घाला, किंवा दोन पट्ट्या लावा, एक करंटची आणि एक अर्थची, म्हणजे दोन्हीला एकदम अंग लागलं की झटका बसतो. टेस्टर न्याच. शिवाय घोड्यांना कुंपणाची ओळख आधी घरी करून द्या, न ओळखणारा घोडा घाबरला की पट्टी घेऊनच पळतो. वाळूतल्या खुंटाचं तर विसराच, घोड्याने मान झटकली की उपटून येतो आणि मग दोरीच्या टोकाला खुंट नाचवत घोडा उधळतो, ते दृश्य नको. ट्रेलर असेल तर त्याला बांधा, नाहीतर मुक्काम सरळ आत, जिथे माती आणि झाडं आहेत तिथे. किनाऱ्यावर फिरायला जायचं, झोपायला नाही, असं माझं स्पष्ट मत.

नुसतीच_वाचत_होते:
पाण्याबद्दल मी लिहिते कारण त्यात माझा जीव अडकतो. एक घोडा दिवसाला 25 ते 45 लिटर पितो, उन्हात काम केलं तर अजून. कॅन न्याच. तळ्याचं पाणी चालतं, पण हिरवट साय आलेली दिसली, रंग सांडल्यासारखे पट्टे दिसले, तर तिथे तोंडही लावू देऊ नका, निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष घोड्याला मारू शकतं. वाऱ्याने ती साय एका काठाला गोळा होते, त्यामुळे सकाळी स्वच्छ दिसलेला काठ संध्याकाळी तसाच असेल असं नाही.
दुसरं, नवीन चवीचं पाणी बरेच घोडे पीतच नाहीत. घरी असतानाच पाण्यात थोडी काकवी घालून सवय लावा, मग बाहेर तीच चव. मीठ चाटवताय का? चाटवा.
समुद्राचं पाणी मात्र अजिबात नाही. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. तहानलेला घोडा पिऊ बघतो, म्हणून आधी गोडं पाणी पोटभर पाजायचं आणि मगच लाटांकडे न्यायचं.

खोगीरभरती:
+1. आणि चारा वाळूवर टाकू नका. वाळू पोटात साठून पोटशूळ होतो. दाणा तोबऱ्यातून, गवत जाळीत, खाली रबरी मॅट. शंका आली तर लिदीचा गोळा, जमिनीला न टेकलेला, वरचा, प्लास्टिकच्या हातमोज्यात घालायचा, पाणी भरायचं, हलवायचं आणि पंधरावीस मिनिटं टांगून ठेवायचं. बोटांच्या टोकांत वाळू बसलेली हाताला कचकच लागते. नाही लागली म्हणजे पोटात नाहीच असं मात्र नाही.

टापटीप:
समुद्राचं थोडं. भरतीचं टाइमटेबल बघून जा, बहुतेक ठिकाणी दोन भरत्यांमध्ये 12 तास 25 मिनिटांच्या आसपास अंतर असतं, म्हणजे रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी कुठवर चढतं ते कालच्या खुणेवरून ठरवू नका. पळवायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत पायाच्या शिरा दुखावतात.
परत फिरणारी लाट पायाखालून जाते तेव्हा बुजऱ्या घोड्याला जमीनच सरकल्यासारखी वाटते आणि तो आडवा चालायला लागतो. घोडीला पाण्याच्या बाजूने ठेवा, त्याला आतल्या बाजूने. पोहवणार असाल तर डोकं खाली बांधून ठेवणारा पट्टा आधी काढा, मान वर घेता आली नाही तर घोडा बुडतो. उथळ पाण्यात थांबून पुढच्या पायाने पाणी खणायला लागला की टाच मारा आणि पुढे काढा, तो लोळणार आहे, खोगीर असो नाहीतर तुम्ही असा. बाहेर आल्यावर पाय आणि तंगाखालची (खोगिराच्या पोटपट्ट्याखालची) जागा गोड्या पाण्याने धुवा, मीठ आणि वाळू मिळून कातडी सोलतात.

घोडं_अडलंय:
बापरे, भरपूर मिळालं, धन्यवाद! किनाऱ्यावरचा मुक्काम रद्द, आत झाडीतच थांबतो. एकच राहिलं, रात्री दावणीजवळ कंदील लावून ठेवू का? बुजऱ्याला धीर येईल असं वाटतं.

नुसतीच_वाचत_होते:
नको. तळ्याकाठी तर नकोच. पाण्यातून निघणारे किडे दिव्यावर येतात आणि चाऱ्यात, बादलीत पडतात. उत्तर अमेरिकेत पोटोमॅक हॉर्स फीव्हर म्हणून जो रोग आहे, 1979 मध्ये पोटोमॅक नदीजवळ पहिल्यांदा लक्षात आला, तो असे किडे खाण्यात गेल्यानेच होतो, ताप, जुलाब आणि कधीकधी खुरांना सूज. तिकडे डॉक्टर तबेल्यातले दिवेही रात्री बंद ठेवा म्हणतात. अंधारात घोड्याला आपल्यापेक्षा बरंच चांगलं दिसतं, तुमच्यासाठी हेडलॅम्प ठेवा, पण त्याच्या डोळ्यांवर मारू नका.