लहानपणचं अजून काय करता? (अनुभव धागा)

मागच्या आठवड्यात तुळशीबागेत समईच्या वाती आणायला गेले आणि वाती विसरून सागरगोटे घेऊन आले. पाच घ्यायचे होते, अकरा घेतले.

दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे मांडी घालणं बंद. मग जेवायच्या टेबलावरच डाव मांडला. एक उडवायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. दुसऱ्याच फेरीत दोन फ्रिजखाली गेले. डाव तिथेच संपला, पण एक गोष्ट हाताला बरोबर आठवली. एक सागरगोटा ओट्याच्या कडाप्प्यावर खसाखसा घासला आणि अभ्यास करणाऱ्या नातवाच्या दंडाला टेकवला. असा किंचाळला! आणि लगेच म्हणाला, "आजी, मला दे, मला बाबाला लावायचाय."

मी सत्तर वर्षांची. आमच्या वयाची माणसं जमली की तुपाच्या वासापासून सुरुवात होते, 'हल्लीची मुलं' वर गाडी येते, आणि तासाभरात सगळे आले त्यापेक्षा म्हातारे होऊन घरी जातात. तसलं इथे नको. म्हणून एकच अट: लहानपणचं जे अजून करता, किंवा एवढ्यात करून पाहिलंत, तेच लिहा. फसलं असेल तर आधी लिहा.

मूळचे वाईचे, मुक्काम हैदराबाद, वय ७३

अट थोडी मोडतो. विटीदांडू खेळायला आता मैदान नाही आणि खांदाही नाही. पण मोजणी अजून करतो.

आमच्या आळीत दांडूनं अंतर मोजताना वकट, लेंड, मुंड, नाल म्हणायचे. वकट आलं की विटी पायावर ठेवून उडवायची, मुंड आलं की मुठीवर. हे शब्द कुठून आले हे कुणी कधी विचारलं नाही. खेळाचेच असणार, असं धरून चाललेलो.

मुलाकडे हैदराबादला राहायला आलो. खाली गाडीवाला एका बाईला शहाळी मोजून देत होता: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी पिशवी धरून तसाच उभा. म्हणजे चड्डीत होतो तेव्हापासून मी तेलुगूत मोजत होतो! त्याला माझं वकट-लेंड म्हणून दाखवलं तर हातातला कोयता खाली ठेवून हसला. आता रोज सकाळी तो त्याचं म्हणतो, मी माझं म्हणतो. नालच्या पुढे आमचे शब्द इतके बिघडलेत की त्याला ओळखू येत नाहीत. म्हणून शहाळी चारच घेतो. घरात माणसं तीन आहेत.

मिरज, वय ७७

मी हिशेबी माणूस, तेव्हा हिशेबाचंच सांगतो.

१ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. मी नऊ वर्षांचा. आमच्या दुकानदारानं खांबाला तक्ता लावला होता: एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. हा तक्ता आम्ही चौघांनी नीट वाचला. चौघांत एक पावली असायची. ती मोडली की पंचवीस नये पैसे. चार आण्यांचे चिरमुरे एकदम घेतले तर पंचवीसच्या पंचवीस जाणार. पण एकेकानं जाऊन आण्या-आण्याचे घेतले तर सहा चोक चोवीस. एक नया पैसा राहिला!

दोन दिवस पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं चौघे गेलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. माझा कान धरून म्हणाला, "उद्यापासून चौघं मिळून यायचं."

आता काय करतो? मोबाइलवरून सामान मागवताना यादीचे दोन तुकडे केले तर सवलत जास्त बसते का, ते बघतो. पुष्कळदा बसते. पहिल्यांदा सून हसली होती. आता मला दाखवल्याशिवाय बटण दाबत नाही.

मडगाव, ६९

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की अजून जिन्यावरून धावतो. पाव, उंडे बायको घेते, माझं फक्त काकण, बांगडीसारखा गोल पाव. लहानपणी मनगटात घालून चहापर्यंत मिरवायचो. आता मनगटात जात नाही, दोन बोटांत अडकवून आणतो.

सोलापूर, ६६

नातवासाठी दोन खुर्च्यांवर चादर टाकून तंबू केला. तो कंटाळून निघून गेला, मी आत झोपलो. घरातले मला तासभर गल्लीत शोधत होते. एवढंच.

नागपूर, वय ७४

आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी खऱ्या बैलांना सुट्टी, पोट्ट्यांचे लाकडी बैल निघतात. सजवायचे, दोरी धरून ओढत घरोघरी न्यायचे, आणि लोक बोजारा देतात. खाऊ म्हणा, पैसे म्हणा.

माझा बैल मी सहा वर्षांचा असतानाचा. आजोबांनी सुताराजवळ बसून सागवानाचा करून घेतला होता. चाकं दोनदा बदलली. डावं शिंग भावानं तोडलं, तो आज ७१ चा झाला तरी कबूल करत नाही. नातू इथे होते तोवर बैल त्यांच्या हाती असायचा. ते गेले पुण्याला. दोन वर्षं बैल माळ्यावर पडून होता.

यंदा मीच काढला. पॉलिश पेपरनं घासला, पांढरा रंग दिला, बायकोच्या जुन्या साडीच्या काठाची झूल शिवली. शिंग मात्र तसंच ठेवलं, पुरावा आहे तो. मग संध्याकाळी कॉलनीतल्या पोट्ट्यांच्या रांगेत शेवटी उभा राहिलो. पहिल्या दोन घरी लोकांना वाटलं, मी कोण्या लहान मुलाला घेऊन आलो आहे; मागं वाकून बघत होते नं! तिसऱ्या घरच्या वहिनींनी बैलाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि माझ्या हातावर अकरा रुपये ठेवले.

बायको म्हणाली, "लाज नाही वाटत?" मग बोजारा मोजायला बसली. सव्वाशे रुपये आणि सात चॉकलेटं. चॉकलेटं तिनं घेतली.

मुंबई, निवृत्त डॉक्टर, वय ७२

अट वाचून एक जुना प्रयोग आठवला. १९७९ मध्ये एलेन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सत्तरीच्या घरातल्या काही पुरुषांना न्यू हॅम्पशायरमधल्या एका जुन्या मठात नेऊन ठेवलं. आतलं सगळं वातावरण १९५९ चं, वीस वर्षं मागचं. एका गटानं १९५९ चालूच आहे असं समजून वागायचं, बोलायचंही वर्तमानकाळात. दुसऱ्या गटानं त्याच जागी राहून त्या काळच्या नुसत्या आठवणी काढायच्या. थोड्या दिवसांनी तपासलं तर सुधारणा दोन्ही गटांत होती, पण पहिल्यात जास्त. बोटांची लवचीकता वगैरे. माणसं अगदी मूठभर होती, तेव्हा या एका प्रयोगावर फार उड्या मारू नयेत. पण 'आठवू नका, करा' ही तुमची अट अगदीच हवेतली नाही.

(धागाकर्ती: डॉक्टर, तुम्ही स्वतः काय करता ते लिहिलंच नाहीत.)

पकडलंत. खिशात काचेची गोटी असते, आतून निळी. शाळेत असताना जिंकलेली. ओपीडीत नुसती बोटांत फिरवत बसायचो, पेशंटना वाटायचं डॉक्टर विचार करताहेत. माझ्या बायपासच्या दिवशी सिस्टरनं घड्याळ, चष्म्याबरोबर तीही काढून घेतली. घरी सोडताना सामानाची यादी सही करायला दिली. त्यात लिहिलं होतं, 'गोटी, नग १'.

माण तालुका, वय ६३

सगळ्यांचं वाचलं, हसलेही. पण मला जरा वेगळं बोलायचंय.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची. आई खडी फोडायला जायची, मी धाकट्या भावाला काखेला मारून तिच्या मागं. तिथं सुकडी मिळायची. घरी मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, गिळताना घशाला लागायची. शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. लोक म्हणतात बालपण आठवा, मन ताजं होतं. मला ती भाकरी आठवली की पोटात खड्डा पडतो, मन बिन काय ताजं होत नाही. तेव्हा माझ्याकडं 'अजून करते' असं काही नाही.

एक आहे, पण ते उलटं आहे. तेव्हा गावात भाड्यानं सायकली मिळायच्या, तासावर. पोरं चालवायची, आम्ही बांधावरून बघायचो. दोन वर्षांपूर्वी नातीला सायकल घेतली. ती शाळेत गेली की मी वाड्यामागच्या मोकळ्या रानात काढायची. पहिल्यांदा पडले ते घरात सांगितलं नाही. दुसऱ्यांदा हनुवटी फुटली, तीन टाके पडले, मग कसं लपणार? लेक म्हणाला, "आई, ह्या वयात?" म्हटलं, दहाव्या वर्षी कुठं दिली होती कुणी?

आता पाणंदीच्या टोकापर्यंत जाऊन येते. नऊवारीचा काष्टा सायकलला बरा पडतो, पाचवारी अडकते. उतरताना मात्र अजून विहिरीचा कठडाच लागतो, एरवी थांबता येत नाही. हे तुमच्या अटीत बसतंय का बघा.

(धागाकर्ती: बसतंय. आणि पुढच्या वेळी पडलात तर इथे आधी सांगा, लेकाला मागाहून.)

डोंबिवली, मूळच्या देवगडच्या, वय ७८

आम्ही लहानपणी मुंबईहून गावी बोटीनं जायचो. भाऊच्या धक्क्यावर चढलं की आई आम्हा भावंडांना वळकटीवर बसवी आणि बंदरं पाठ करून घेई, म्हणजे उलट्यांकडे लक्ष जात नसे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड. बोट बाहेरच थांबायची, पडाव म्हणजे छोटी होडी यायची, आणि खलाशी मुलांना पिशवीसारखं उचलून खाली पडावात द्यायचे. त्या एका क्षणाची मला भयंकर भीती. आणि तोच क्षण पुन्हा हवासुद्धा असायचा.

गेल्या पावसाळ्यात पाठीचं एमआरआय निघालं. त्या नळीत सरकवलं तेव्हा जीव घाबरा झाला, हातातला रबरी फुगा दाबणारच होते. इतक्यात ते यंत्र धडधडायला लागलं. अगो बाई, म्हटलं, हे तर इंजिन! डोळे मिटले आणि हर्णैपासून सुरुवात केली. प्रत्येक बंदराला थांबा, माणसं उतरताहेत, नारळाची पोती चढताहेत. मुसाकाजीला जरा जास्त वेळ थांबले. विजयदुर्ग गेलं, आता देवगड, तोवर आवाज बंद. ट्रे बाहेर सरकला, आणि त्या पोरानं मला काखेत हात घालून उचललं.

मी त्याला म्हटलं, "पडाव नीट लागलाय ना रे?" त्यानं बाहेर येऊन लेकीला विचारलं, "आजींना आधीपासून असं होतं का?"

कोल्हापूर, वय ५८ (आईबद्दल लिहिते आहे)

माझी आई ८६ वर्षांची. तीन वर्षांपासून विसरत चालली आहे. मला कधी ताई म्हणते, कधी "तुम्ही कुठल्या?" विचारते. नाव सांगितलं तर मान हलवते, पण ती सभ्यपणाची असते.

एकदा भाजी निवडताना सहज मी सव्वा किलोचा हिशेब पुटपुटले. आईनं पुढचं धरलं. सवायकी झाली, दिडकी झाली, अडीचकी. मग औटकी, साडेतीनचा पाढा, जो मला कधी आलाच नाही. पाच औट साडेसतरा, सहा औट एकवीस, कुठे अडखळणं नाही. पाठ ताठ, हात मांडीवर, शाळेच्या बाकावर बसल्यासारखी. आता रोज चार वाजता आमची शाळा भरते. मी मुद्दाम चुकते. सात औट तेवीस म्हटलं की आई माझ्या हातावर चापट मारते आणि म्हणते, "साडेचोवीस. लक्ष कुठंय तुझं?"

त्या वेळी ती मला 'तुम्ही' म्हणत नाही.

नाशिक, वय २६

मी इथे वयानं बसत नाही, पण मदत हवी आहे. आजोबा ८१ चे. आजी गेल्यापासून बोलणं फार कमी झालंय. खिडकीपाशी बसून असतात. मी दोनदा विचारलं, "आजोबा, तुमच्या लहानपणचं सांगा ना." म्हणाले, "काय सांगायचं, नेहमीचंच."

(धागाकर्ती: विचारू नकोस. भोवरा आण, त्यांच्या शेजारी ठेव आणि आपल्या कामाला लाग.)

नाशिक, वय २६ (नंतर)

आणला. रविवार कारंज्याजवळ लाकडी मिळाला, जाळीसकट, म्हणजे गुंडाळायच्या दोरीसकट. खिडकीत ठेवला आणि लॅपटॉप उघडून बसलो. अर्धा तास काहीच नाही. मग त्यांनी उचलला, उलटा केला, खालच्या खिळ्यावरून अंगठा फिरवला.

"आर बोथट आहे. कानस आण."

कानस घरात नव्हती, हार्डवेअरच्या दुकानातून आणली. त्यांनी आर घासली, जाळीचं टोक तोंडात धरून ओली केली, खालून वर घट्ट गुंडाळली. उभे राहिले. मला वाटलं तोल जाईल म्हणून मी मागे गेलो, तर म्हणाले, "बाजूला हो."

भोवरा सुटला तो हॉलमधल्या नव्या फरशीवर. फिरला, मस्त फिरला, पण जिथे पडला तिथे रुपयाएवढा टवका उडाला. आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून आली. "कुणी केलं हे?"

आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.