प्रतिसाद: एक ड्रायव्हर आधीच लागतो

विंडोज टाकून झालं की अपडेटमधून ड्रायव्हर (लॅपटॉपचे भाग विंडोजला वापरता यावेत म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअर) आपोआप येतात, हे मूळ पोस्टमध्ये लिहिलंय ते साउंड, ब्लूटूथपुरतं पटतं. पण एक ड्रायव्हर विंडोज टाकतानाच लागतो, तो त्या पोस्टमध्ये राहून गेलाय. दिवाळीत भाचीचा लॅपटॉप (इंटेल, ११वी पिढी) फॉरमॅट करायला घेतला, तर विंडोज कुठे टाकायचं त्या पानावर यादी रिकामी! एसएसडी (लॅपटॉपची डिस्क) गेली असं वाटून पोटात गोळाच आला. डिस्क धडधाकट होती. ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत एसएसडी इंटेलच्या 'व्हीएमडी' कंट्रोलरमागे (डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेमागे) असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसला की ती दिसतच नाही.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधून स्टोरेजखालचा 'रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर (व्हीएमडीचा तो हाच) घ्या, आणि डाउनलोड झालेली फाइल आतली आयएनएफ (.inf) फाइल दिसेपर्यंत उलगडून मगच पेनड्राइव्हवर ठेवा. नुसती ईएक्सई (.exe) फाइल त्या रिकाम्या यादीच्या पानावरच्या 'लोड ड्रायव्हर'मध्ये चालत नाही, माझा तासभर तिथेच गेला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर तिकडे हात लावू नका, ते बहुधा सुरूच होत नाही.