मे महिन्याची सुट्टी, भरलेलं घर आणि अर्धवट विणकाम: संपवावं की उसवावं?

सुलटउलट (पुणे)

यंदा मे महिन्यात आम्ही कुठेही जात नाही. मुलांची शाळा जूनच्या मध्यात उघडेल, नवऱ्याचं ऑफिस घरूनच चालतं, सासूबाई गावाहून राहायला आल्यात. मी ठरवलंय की या सुट्टीत तुळशीबागेत पाऊलही टाकायचं नाही, लोकरीचा नवा गुंडा घ्यायचा नाही. कपाटातल्या पिशव्यांमध्ये जे अर्धवट पडलंय ते हातावेगळं करायचं. मैत्रिणींना सांगितलं तर बहुतेकींचं एकच उत्तर: "उन्हाळ्यात लोकर? आणि घरात एवढी माणसं असताना?" म्हणून इथे विचारते. माझं मत पक्कं आहे, पण विरुद्ध बाजू नीट ऐकायची आहे.

आपल्याकडे स्वेटर विणायला घेतला जातो दिवाळीनंतर, पहिला गारवा आला की. पाठ होते, एक पुढचा भाग होतो, मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडतात तिथपर्यंत, येईस्तोवर संक्रांत उलटून जाते. होळीला सगळं पिशवीत. पुढच्या दिवाळीला पोरगं वीतभर वाढलेलं, मग ते तसंच ठेवून नवा रंग, नवं डिझाइन. पुण्याची थंडी ती केवढी! तेवढ्या दिवसांत विणूनही व्हावं आणि घालूनही व्हावं हे जमत नाही. डिसेंबरात अंगावर हवं असेल तर मे-जूनमध्ये ते सुयांवर असायलाच हवं.

घरात माणसं आहेत ही मला अडचण वाटत नाही. सगळ्या विणकामाला सारखं लक्ष लागत नाही. पाठीचा साधा भाग, म्हणजे एक सुई (ओळ) सुलट, एक सुई उलट, हा गप्पा मारता मारता होतो. गळ्याचे टाके उचलणं, मुंढे घटवणं, केबलचे (वेणीसारख्या नक्षीचे) टाके ओलांडून घेणं, हे सकाळी सगळे उठायच्या आत. असं वाटून घेतलं की भरल्या घरातसुद्धा काम पुढे सरकतं.

आणि रेंगाळलेल्या कामाचं नुकसान होतं, हे कुणी बोलत नाही. शुद्ध लोकर असेल तर कसर लागते. सुई वर्षभर त्याच ओळीत अडकून राहिली की तिथले टाके ताणले जातात आणि पुढे विणल्यावर आडवी रेघ दिसते. पाठ १० नंबरच्या सुईवर केली होती की ९ च्या, हे आठवत नाही. त्याच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, लोकर पुन्हा मिळत नाही, आणि शेजारी धरलं की निळ्यातला फरक उन्हात लगेच कळतो.

---

क्रोशेवाली (ठाणे)

पूर्ण असहमत. पुण्यात संध्याकाळी वारा तरी सुटतो. इकडे मे महिन्यात पंख्याखाली बसूनही तळहात कोरडे राहत नाहीत. धातूच्या सुईवर ॲक्रिलिक लोकर घामाने चिकटते, टाका सरकत नाही, आपण नकळत घट्ट विणायला लागतो आणि तोच स्वेटर खाली ढगळ, वर आवळलेला होतो. हातांना पावडर लावून विणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. फिक्या रंगावर त्याचे डाग राहतात. आणि घरात आमरस चालू असताना पांढरी लोकर बाहेर काढायची हिंमत माझ्यात नाही.

शिवाय स्वेटर हवाय कुणाला? ठाण्या-मुंबईत वर्षातून चार सकाळी लागतो. उन्हाळा हा सुती दोऱ्याचा काळ आहे. क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा एक गुंडा मुठीत मावतो. तोरण घ्या, ताटावरचा रुमाल घ्या. साखळी, खांब, मुका खांब, एवढ्या टाक्यांवर अख्खी सुट्टी निघते. लोकर गणपतीनंतर काढा.

---

दुपारची वेळ (डोंबिवली)

ऊन-घाम बाजूला ठेवू. मला मूळ पोस्टमधला "माणसं आहेत ही अडचण नाही" हा भाग पटला नाही आणि त्यावर जरा सविस्तर बोलायचं आहे.

माझी विणायची वेळ म्हणजे जूनपासून मार्चपर्यंतची दुपार. डबे गेलेले, भांडी झालेली, घर रिकामं. दीड-दोन तास माझे. सुट्टी लागली की पहिली ती वेळ जाते. दहाला नाश्ता, बाराला "आई, खायला काय?", दोनला जेवण, चारला सरबत, पाचला कुणीतरी भाऊबंद दारात. सुट्टी मुलांची असते, घर चालवणाऱ्या बाईचं काम दुप्पट होतं. त्यात "अर्धवट राहिलेलं संपवायचं" असा एक नेम आपणच आपल्या मागे लावून घ्यायचा? विणकाम हे माझ्या दिवसातलं एकमेव काम आहे जे कुणीही "झालं का?" असं विचारत नाही. त्याला मी तारीख लावणार नाही. अर्धवट पिशवी कपाटात आहे याने कुणाचंही काही अडत नाही.

---

सुलटउलट (पुणे)

@दुपारची वेळ, तुमचा मुद्दा मनापासून कळतो. पण याच कारणासाठी मी उघडपणे, सगळ्यांच्या मध्ये बसून विणावं म्हणते. रिकाम्या घरात चोरून मिळालेली वेळ भरल्या घरात टिकत नाही, कारण ती कुणाला दिसलेलीच नसते. आमच्याकडे यंदा तीन ते साडेचार स्वयंपाकघर बंद. पन्हं फ्रीजमध्ये आहे, ग्लास खालच्या फळीवर आहेत, मोठा नववीत गेलाय, ओतून घेऊ शकतो. आई हातात सुया घेऊन बसली की ती कामात आहे, हे मुलांना एकदा कळू दे. आणि तारीख मी कुणासाठी लावलेली नाही, डिसेंबरने लावली आहे.

@क्रोशेवाली, घामाचं खरं आहे. लाकडी किंवा बांबूच्या सुया घेऊन बघा, धातूइतका त्रास होत नाही. पण ठाण्यात थंडी नाही म्हणून स्वेटर नको, हे कसं? नाशिकची भाची, साताऱ्याचा भाचा, यांच्यासाठीही विणतोच की आपण.

---

बाबा विणतो (नाशिक)

सुलटउलट यांना अनुमोदन. मी आईकडून विणायला शिकलो, आता माझ्या मुलांच्या सुट्टीत आमच्या बैठकीत दोन पिशव्या उघड्या असतात. लहानी लोकरीची लड दोन्ही हातांवर ताणून धरते, मी गुंडा करतो. मोठा वहीत रेघा मारून ओळी मोजतो. प्रत्येक आठव्या ओळीला बाहीच्या दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा असेल तर त्याच्याइतकं चोख कुणी सांगत नाही. त्याला सुलट टाका येतो, उलट अजून अडखळतो. म्हणून त्याच्या सुयांवर नुसत्या सुलटच ओळींचा मफलर आहे. त्यात टाके मध्येच वाढतात, गळतात, पण तो मफलर सोडत नाही.

मात्र एक गोष्ट सुलटउलट यांनी सांगितली नाही. अर्धवट काम पिशवीत टाकताना सुई काढून घ्या आणि टाके वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यावर ओवून ठेवा. सोबत चिठ्ठी: सुईचा नंबर, एकूण टाके, पुढची ओळ सुलट की उलट. टाके ताणले जात नाहीत आणि वर्षाने उघडलं तरी तिथूनच पुढे जाता येतं. निम्मी अर्धवट कामं कंटाळ्याने राहत नाहीत, कुठे होतो तेच कळत नाही म्हणून राहतात.

---

आजीची सुई (पुणे)

वयाने बहुधा इथे सगळ्यांत मोठी मीच असेन. १९६२ साली चीनने आक्रमण केलं तेव्हा मी शाळेत होते. हिमालयातल्या जवानांसाठी देशभर बायका स्वेटर, मोजे, हातमोजे विणत होत्या. आमच्या वाड्यातही तेच. ज्यांना सुई धरता येत नव्हती त्या गुंडे करत. एकीने पाठ घ्यायची, दुसरीने बाह्या, आणि जिचा हात साफ तिने शिवायचं. घरं तेव्हाही भरलेलीच होती, आतापेक्षा जास्त. पण एकही स्वेटर अर्धवट राहिलेला मला आठवत नाही, कारण तिकडे बर्फात कुणीतरी उघडं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून ऊन आणि वेळ यांवर भांडू नका. पिशवी उघडा आणि प्रत्येक कामाला विचारा, हे कुणासाठी? नाव आलं तर संपवा, मग मे असो की ऑगस्ट. नाव येत नसेल तर उसवा. चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा स्वेटर, मुलाला आता सातवं लागलेलं, तो पूर्ण करून कुणाला घालणार? केवळ सुरू केलं म्हणून संपवणं हा लोकरीचा आणि डोळ्यांचा अपव्यय आहे.

---

कूलरसमोर (नागपूर)

आजींशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे पारा पंचेचाळीसकडे जातो, विदर्भातल्या शाळाही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे सुट्टी तुमच्याहून लांब. कूलरच्या दमट हवेत मांडीवर अर्धा स्वेटर घेऊन बसणं शक्यच नाही. पण उसवायला यासारखा महिना नाही!

पद्धत सांगते. कडेचं टोक शोधून उसवत जायचं आणि लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जायची. लड झाली की चार ठिकाणी सैल गाठी मारायच्या, नाहीतर धुताना सगळा गुंता. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून अर्धा तास भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची आणि सावलीत टांगायची, खालच्या टोकाला हलकं वजन अडकवून. शुद्ध लोकरीच्या वळ्या सरळ होतात. ॲक्रिलिकच्या पूर्ण जात नाहीत, पण विणल्यावर फारसं दिसत नाही. पावसाळ्यात हीच लड दोन-दोन दिवस ओली राहते आणि वास धरते. मे महिन्यात सकाळी टांगली की दुपारी गुंडा करायला तयार. घरातली पोरं उसवायला आनंदाने बसतात. विणायला बसवून दाखवा त्यांना!

---

क्रोशेवाली (ठाणे)

उसवणं मान्य. पण संपवायचंच असेल तर काम लहान तुकड्यांचं हवं, हे मी पुन्हा सांगते. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत क्रोशाचं तेव्हाचं सर्वांत मोठं ब्लँकेट झालं, ११,१४८.५ चौरस मीटरचं, गिनीजमध्ये नोंद आहे. ते कुणी मांडीवर घेऊन विणलेलं नाही. घरोघरी चौकोन झाले आणि मग जोडले. चेन्नईइतका घाम आपल्यालाही येत नसेल. चौकोनात एका वेळी हातात तळव्याएवढंच काम असतं, कुणी हाक मारली तर फेरी संपवून उठता येतं. सुयांवर दीडशे टाके असताना उठलं की चार गळतातच.

---

सुलटउलट (पुणे)

मापाला लहान झालेलं उसवायचं, हे मला मान्य आहे. आजींचा प्रश्न मी प्रत्येक पिशवीला लावला. पण मग जे उरलं त्याकडे बघा. माझ्याकडे गडद निळा स्वेटर आहे, सासऱ्यांसाठी. पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या, पाचही तयार. राहिलंय फक्त शिवणं, गळ्याची पट्टी आणि टोकं लपवणं. असे किती स्वेटर तुमच्या कपाटात आहेत, खरं सांगा. विणायला कंटाळत नाही आपण, शिवायला कंटाळतो. आणि शिवायला ऊन आड येत नाही: मांडीवर एक बाही, हातात बोथट सुई, दोन कडा समोरासमोर धरून एक टाका इकडचा, एक तिकडचा. सुयांवर टाकेच नाहीत, तर गळणार काय? मध्ये दहा वेळा उठलं तरी चालतं. भरल्या घरात करण्यासारखं याहून सोपं काम नाही.

---

दुपारची वेळ (डोंबिवली)

शिवणाचा मुद्दा मला मान्य. ते मीही करीन. पण बाकीच्यावर माझा विरोध कायम आहे, आणि "स्वयंपाकघर बंद" हे प्रत्येक घरात म्हणता येत नाही. तुमच्याकडे सासूबाईंनी ऐकलं. जिथे वन रूम किचनमध्ये सहा माणसं आहेत आणि बसायची जागा तीच झोपायची जागा, तिथे पिशवी उघडायची कुठे? अशा बाईला कुणी "सुट्टी आहे, आता तरी संपव" म्हणू नये, एवढंच माझं मागणं आहे. तिने जूनमध्ये, तिच्या दुपारी, हवं तसं विणावं.

---

सुलटउलट (पुणे)

तसं कुणी म्हणत असेल तर मी तुमच्या बाजूने. मी स्वतःच्या घरापुरतं ठरवलं आहे आणि ज्यांना जमेल त्यांनी करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आजी, एक विचारायचं होतं. त्या निळ्या स्वेटरच्या गळ्याच्या पट्टीला लोकर कमी पडतेय आणि तो लॉट आता मिळत नाही. काय करू?

---

आजीची सुई (पुणे)

जवळचा निळा आणून नुसता गळ्याला लावू नकोस, जोड उठून दिसेल. बाह्यांच्या खालच्या बॉर्डरी उसव. टाके खालून मोकळे करून १२ नंबरच्या सुईवर उचल आणि गळा, दोन्ही बाह्या, तिन्ही ठिकाणी एकच करडा रंग घे, एक टाका सुलट, एक उलट. मुद्दाम केल्यासारखं दिसेल. उसवलेली निळी लोकर टाकू नकोस, शिवायला तीच लागेल.