मुंबई झाली, आता पहाटे सव्वाचारला करू काय?

रंकाळाकाठची:
नमस्कार मंडळी. वय ४७, कोल्हापूर. औषधांचं दुकान आहे, म्हणजे सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ काउंटरमागे उभी. या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन पहिल्यांदाच केली. ५ तास ३८ मिनिटं. परतीच्या पेडर रोडच्या चढावर चालले, हे आधीच सांगून टाकते. त्याच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं घरी, आणि नशीब असं की बर्थ वरचा. समोरच्या कॉलेजच्या पोरानं न मागता खालचा दिला. मी कशी चालत असेन, यावरून ओळखा.

आज अकरावा दिवस. पहिले तीन दिवस जिना उलटी उतरत होते, भिंतीला धरून. आता दुखणं गेलंय, उजव्या अंगठ्याचं नख तेवढं काळं पडलंय.

घोळ असा आहे. आमचा ग्रुप चौथ्या दिवसापासून रंकाळ्यावर हजर. मुंबईनंतर बरोबर २१ दिवसांनी इथेच एक हाफ (अर्धी मॅरेथॉन) आहे, तिचे पैसे सगळ्यांनी डिसेंबरातच भरलेत, मीही. ग्रुपमधले एक म्हणतात, आठवड्यात सुरू केलं नाही तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. नवरा म्हणतो, बूट महिनाभर माळ्यावर टाक. कुणाचं ऐकू?

आणि अजून एक. गजर न लावता सव्वाचारला डोळे उघडतात. पुढे काय करायचं कळत नाही. परवा मसाल्याचे सगळे डबे काढून पुसले. पहाटे पाचला! घरचे उठून बघायला आले, चोर आला की काय म्हणून.

जुना जोडा, पुणे:
ताई, अभिनंदन. चालत का होईना, पेडर रोड चढलात ना? मग झालं.

मी ६३ वर्षांचा, ११ फुल झाल्यात. मेहनत पाण्यात वगैरे काही जात नाही. न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर म्हणून धावपटू होते, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वयाच्या ४१ व्या वर्षी मॅरेथॉनचं रौप्यपदक घेतलं, २ तास ११ मिनिटांत. त्यांच्या नावावर एक आडाखा सांगतात: शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस सबुरी. आपले २६ मैल, म्हणजे २६ दिवस. याचा अर्थ २६ दिवस खाटेवर पडून राहा असा नाही. हळू पळा, पण स्पर्धा नको, वेग नको. तुमची हाफ २१ व्या दिवशी आहे. हिशेब तुम्हीच करा.

यवतेश्वर घाट:
काकांना अनुमोदन, आणि माझी चूक ऐकून घ्या. पहिल्या फुलनंतर सहाव्या दिवशी मी घाट चढलो, कारण ‘काही दुखत नव्हतं’. दहाव्या दिवशी नडगीत एका जागी कळ यायला लागली, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. स्नायूच असेल म्हणून पळतच राहिलो. हाडाला बारीक चीर निघाली. सात आठवडे बसून, आणि घरच्या अंगणातली सातारा हिल हाफ रस्त्याकडेला उभं राहून बघितली. दुखणं जातं आधी, आतलं भरून येतं नंतर.

फिजिओ नाशिककर:
वरचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर. स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत शिखर गाठून ओसरतो, पण तंतूंची झीज भरायला आठवडे लागतात. कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं त्याहून सावकाश. दम मात्र पहिल्या आठ-दहा दिवसांत फारसा उतरत नाही. म्हणजे थांबून तुमचं जाणार थोडं आणि घाईनं जाऊ शकतं बरंच.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर शरीर अजून कामात आहे. बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी कळ असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर. पण मला खटकलं ते दुकान. पायांना मॅरेथॉन पडली आणि दुसऱ्या दिवसापासून बारा-बारा तास उभं! ताई, ही विश्रांती नाही. काउंटरमागे उंच स्टूल ठेवा.

जुना जोडा, पुणे:
सव्वाचारचं राहिलंच की. बूट घालू नका, चपला घाला आणि जा. घड्याळ घरी.

रंकाळाकाठची:
सगळ्यांचे आभार. नाडी मोजली. एरवी ५८, आज ६६. लोकांना विश्रांती घ्या म्हणून सांगणारी मी, गोळ्यांच्या पाकिटावर वेळा लिहून देणारी, स्वतःची नाडी अकरा दिवस बघितली नव्हती.

स्टूल आणलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, “बरं नाही का वहिनी?” आमच्याकडे दुकानदार बाई बसली की आजारीच असते.

हाफ पळत नाही. पैसे गेले तर गेले, टी-शर्ट घेऊन येईन. ग्रुपला सांगितलं तेव्हा एकीनं खासगीत कळवलं की तिचाही गुडघा चार दिवस कुरकुरतोय, पण पहिलं कोण बोलणार म्हणून गप्प होती.

आणि काका, आज चपला घालून गेले. खरं सांगू? मला पळणं सुटायची भीती नव्हतीच. दिवसभरात तो दीड तासच काय तो माझा. त्यात कुणी औषध मागत नाही, कुणी डबा मागत नाही. पळायचं नसेल तर घरातून निघायचं कारण काय सांगणार, हा खरा पेच होता. नवऱ्यानं विचारलंच, “पळायचं नाही म्हणालीस ना, मग कुठं?” म्हटलं, रंकाळ्यावर बसायला. तो “बरं” म्हणाला आणि कूस वळला. एवढंच.

घाटावर बसले तर ग्रुप फेरी मारत आला. मी हात केला, उठले नाही. तसेही मसाल्याचे डबे संपले होते.