मदत हवी आहे: ११ लाख हातात आलेत, कर्ज फेडू की प्लॉट घेऊ?

मंडळी, सल्ला हवाय. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

वय ३९, नाशिकला सातपूरमध्ये एका कंपनीत नोकरी. पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे. गृहकर्ज १६ लाख शिल्लक, फ्लोटिंग (बदलत्या) दराने साडेआठ टक्के, १२ वर्षं बाकी, हप्ता १७,८०० च्या आसपास. निफाडकडची वडिलोपार्जित जमीन चुलतभावाने घेतली, माझ्या वाट्याचे ११ लाख गेल्या महिन्यात आले. तेव्हापासून घरात रोज नवा अर्थमंत्री.

मामा म्हणतात, २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आलाय, आडगावकडे प्लॉट घेऊन टाक. दाखवला तो एनए (बिगरशेती) नाही, सातबारावर आठ नावं. "होऊन जाईल रे नंतर." आईला सोनं हवंय. कंपनीतला मित्र म्हणतो, सगळे म्युच्युअल फंडात टाक.

माझ्या डोक्यात मात्र दादांचे, म्हणजे वडिलांचे, तीन ढीग आहेत. द्राक्षाचे पैसे आले की ओसरीत बसून वाटणी करायचे. पहिला ढीग गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा. दुसरा छाटणीचा: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोड छाटणी, मजुरी, औषधं. उरेल त्यात आम्ही. छाटणीच्या ढिगाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आत्याच्या लग्नातही लावला नाही, आजी आठवडाभर बोलत नव्हती.

पण ठेवले कुठे, तर गावच्या पतसंस्थेत, व्याज जरा जास्त म्हणून. ती बुडाली. अडीच लाख. दादा गेले, पावत्या अजून ट्रंकेत आहेत. बँकेतल्या ठेवींना असतो तो ५ लाखांपर्यंतचा विमा पतसंस्थेला नसतोच, हे आम्हाला नंतर कळलं.

तर नोकरदाराने छाटणीचा ढीग किती धरायचा? २०२० मध्ये तीन महिने अर्धा पगार होता, किराणा क्रेडिट कार्डावर भरलाय, म्हणून विचारतो. आणि उरलेले कर्जात घालू की गुंतवू?

प्रतिसाद (सिडकोकर):
दादांची पद्धत सोडू नका, फक्त जागा बदला. हप्त्यासकट सहा महिन्यांचा खर्च काढा. तुमचा तीनेक लाख होईल, तो बँकेत एफडी करा, पगाराच्या खात्यात नको.

६ लाख कर्जात भरा. फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो. मात्र हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा असं लेखी द्या, नाहीतर हप्ता कमी करून देतील. १७,८०० तसाच ठेवलात तर राहिलेले १० लाख साधारण सहा वर्षांत फिटतात. आज हप्त्यातले ११,३०० नुसते व्याजात जाताहेत, स्टेटमेंट काढून बघा. टर्म इन्शुरन्स (निव्वळ आयुर्विमा) नसेल तर आधी तो, मग उरलेल्या दोन लाखांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा थोडेथोडे. शेअर बाजार खाली आला की झोप उडत असेल तर पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी खातं.

प्लॉटचं म्हणाल तर आठ सह्या गोळा करण्यात तुमचा कुंभमेळा होईल.

धागाकर्ता:
धन्यवाद सिडकोकर. रात्री हिला हिशोब दाखवला. कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितला तिने. म्हणाली, "सहा वर्षं वाचतात हे पटलं. पण मामांना सांगणार कोण?"

यावरही सल्ला असेल तर द्या.